अपवादाची साक्ष

दुकानाच्या दारावर पाटी असते : 'सोमवारी बंद'. इतर सहा दिवस दुकान उघडे असते, असे तिच्यावर लिहिलेले नसते. तरी गिऱ्हाईक मंगळवारी निर्धास्त येते. 'एक्सेप्शन प्रूव्ज द रूल' या इंग्रजी वचनाचा मूळ अर्थ हाच. अपवाद मुद्दाम सांगितला, म्हणजे उरलेल्या ठिकाणी नियम आहे हे ओघानेच आले.

हा युक्तिवाद रोमच्या न्यायालयात गाजला तो इ.स.पूर्व ५६ मध्ये. गादेस, म्हणजे आजच्या स्पेनमधील कादिझ, इथल्या लुसियस कॉर्नेलियस बाल्बसला पॉम्पेने रोमचे नागरिकत्व दिले होते. ते बेकायदा ठरवण्यासाठी खटला उभा राहिला आणि बचावाला सिसेरो आला. रोमने काही जमातींशी केलेल्या तहांत 'यांच्यातल्या कोणाला नागरिक करून घेऊ नये' असे कलम होते. सिसेरोने नेमके तेच कलम आपल्या बाजूने वळवले. मनाई हवी होती तिथे ती लिहून ठेवली आहे. जिथे लिहिलेली नाही तिथे मुभा आहे, असे त्याने मांडले. बाल्बस खटला जिंकला. इ.स.पूर्व ४० मध्ये तो कॉन्सल झाला, परक्या मुलखात जन्मून त्या पदावर पोचलेला पहिला माणूस.

पुढे याचे कायद्यातले सूत्र बनले. फ्रान्सिस बेकनने १६२३ च्या लॅटिन ग्रंथात ते नोंदवताना 'बळकट करतो' या अर्थाचे क्रियापद वापरले आणि एक महत्त्वाची अटही ठेवली : अपवादात न घातलेल्या बाबींपुरते.

बोलता बोलता ही अट गळून पडली.

मग 'सगळे वेळेवर येतात, एकटा उशिरा येतो, पण अपवादानेच नियम सिद्ध होतो' अशी वाक्ये मराठीतही रुळली. उशिरा येणारा काहीही सिद्ध करत नाही. तो नियम मोडतो, एवढेच. काही जाणकार 'प्रूव्ह' म्हणजे इथे 'पारखणे' असे सांगून सारवासारव करतात. त्या शब्दाला तो जुना अर्थ आहे खरा, पण या वचनाच्या कुळाशी तो जुळत नाही. फाउलरने १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात बराकीचे उदाहरण दिले आहे. सैनिकांना आज रात्री अकरापर्यंत बाहेर राहण्याची खास सवलत मिळाली, तर एरवी त्याआधी परतण्याचा नियम आहे हे त्या सवलतीतूनच कळते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. संस्कृत व्याकरणात सामान्य नियमाला 'उत्सर्ग' म्हणतात आणि त्याला बाजूला सारणाऱ्या विशेष नियमाला 'अपवाद'. अपवादाची हद्द संपते तिथे उत्सर्ग लागू होतो. तेव्हा एखादे उदाहरण नियमात बसत नसेल, तर 'सगळे' ऐवजी 'बहुतेक' म्हणावे आणि हे वचन सोमवारच्या पाटीसाठी राखून ठेवावे.