संग्राह्य नाण्यांच्या व्यापारातील परतावा धोरण

संग्राह्य नाण्यांच्या व्यापारातील परतावा धोरण म्हणजे जुनी, दुर्मीळ अथवा प्रतवारी केलेली नाणी विकणाऱ्या व्यापाऱ्याने विकलेले नाणे परत घेण्यासाठी ठरवलेल्या अटी. अशा नाण्याचे मोल त्यातील धातूपेक्षा अस्सलपणा, दुर्मीळता आणि स्थिती यांवर अवलंबून असते. या तिन्ही बाबतींत विक्रेत्याची जाण सहसा ग्राहकापेक्षा अधिक असल्याने परताव्याच्या अटी हा ग्राहकाचा मुख्य आधार ठरतो.

परताव्याचे दोन प्रकार

व्यवहारात दोन वेगळ्या बाबी एकाच नावाखाली वावरतात. पहिली पसंतीची: नाणे हाती आल्यावर त्याची झळाळी, झीज किंवा ओरखडे छायाचित्रात दिसले त्यापेक्षा वेगळे वाटल्यास ते ठरावीक दिवसांत परत करता येते. ही मुदत अल्प असते व विक्रेत्यागणिक बदलते. दुसरी अस्सलपणाची: नाणे बनावट निघाल्यास पूर्ण रक्कम परत मिळते आणि प्रतिष्ठित विक्रेते या हमीला कालमर्यादा घालत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक नाणेतज्ज्ञ संघटनेच्या सदस्यांना विकलेल्या नाण्यांच्या अस्सलपणाची हमी द्यावी लागते. ‘सात दिवसांनंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही’ असे छापताना काही विक्रेते हे दोन्ही प्रकार एकत्र करतात. बनावटपणा मात्र अनेकदा वर्षांनंतर, नाणे पुन्हा विकायला काढल्यावरच उघड होतो.

प्रतवारी व सीलबंद नाणी

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावली जाऊ लागली. वरच्या श्रेणींत एका अंकाच्या फरकाने किंमत कित्येक पट बदलू शकते, मात्र श्रेणी हे अखेर मतच असते. या मतभेदातून होणारे वाद कमी करण्यासाठी १९८६ मध्ये पीसीजीएस व १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकी कंपन्या पुढे आल्या. त्या नाणे तपासून प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करतात आणि श्रेणीची हमी स्वतः देतात. त्यामुळे प्रमाणित नाण्याबाबतची तक्रार विक्रेत्याऐवजी कंपनीकडे वळते. कवच फोडल्यास ही हमी संपते आणि विक्रेताही नाणे परत घेत नाही.

सुट्या नाण्यांसाठीही अशीच अट असते: मूळ पाकिटातून काढलेले, पुसलेले वा धुतलेले नाणे परत घेतले जात नाही. ही अट जाचक वाटली तरी तिला कारण आहे. एकदा घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही. शिवाय चांगले नाणे ठेवून त्याच जातीचे हलके नाणे परत पाठवण्याचे प्रकारही घडतात. म्हणूनच पाठवण्यापूर्वी विक्रेते दोन्ही बाजूंची छायाचित्रे व वजन नोंदवून ठेवतात.

लिलाव

लिलावात अटी कडक असतात. अनेक नाण्यांचा एकत्र गठ्ठा सामान्यतः ‘आहे तसा’ विकला जातो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दूरस्थ खरेदी १४ दिवसांत विनाकारण रद्द करता येते. परंतु प्रत्यक्ष हजर राहता येईल अशा सार्वजनिक लिलावाला हा हक्क लागू नाही. ज्या मालाची किंमत वित्तीय बाजारातील चढउतारांवर ठरते, त्यालाही तो लागू होत नाही. निव्वळ धातूच्या भावाने विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या नाण्यांवर याचा परिणाम होतो.

भारतातील स्थिती

भारतात मन बदलले म्हणून माल परत करण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिलात नमूद मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२० चे ई-व्यापार नियमही बनावट वा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देऊ देत नाहीत.

त्यामुळे बिलावरील शब्द निर्णायक ठरतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने विकली जाणारी ‘राम दरबार’ छापाची नाणी कंपनीने कधीच पाडली नव्हती. बिलावर ‘कंपनी सरकारचे नाणे’ असे लिहिलेले असल्यास ग्राहकाचा दावा टिकतो. केवळ ‘जुने टोकन’ लिहिलेले असल्यास तो दुबळा होतो. १८३५ च्या चौथ्या विल्यमच्या रुपयाबाबत प्रश्न अधिक नाजूक आहे. टांकसाळीनेच नंतरच्या काळात पाडलेली त्याची पुनर्मुद्रित नाणी बनावट नसतात, पण मूळ नाण्याच्या भावाने विकली गेल्यास वर्णन चुकीचे ठरते. जाणकार संग्राहक म्हणून राजा, टांकसाळ, वर्ष, धातू, वजन आणि मूळ की पुनर्मुद्रित हे सारे बिलावर लिहून घेतात. या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आहे.

परदेशी विक्रेत्याशी व्यवहार करताना वेगळी अडचण संभवते. पुरावस्तू व कलाकोष अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू निर्यात करता येत नाही. विक्रेता नाणे परत घेण्यास तयार असला तरी ते टपालाने परत पाठवणे त्यामुळे अडू शकते.