चैत्रातला दुसरा दिवस

आमच्या कल्याणात पाडव्याची गुढी संध्याकाळी उतरते आणि सण संपतो. वालधुनीच्या पलीकडे, उल्हासनगरात, चैत्राचा उत्सव तेव्हा कुठे सुरू होत असतो. चंद्रकोर दिसण्याच्या हिशेबाने बहुधा दुसऱ्या दिवशी, एखाद्या वर्षी पाडव्याच्याच दिवशी, सिंधी लोकांचा चेटीचंड येतो. लहानपणी आम्ही पोरे त्या मिरवणुकीला जात असू ती खाण्यासाठी. रस्त्याच्या कडेला मांडवात सरबत, उकडलेले चणे आणि वेलची-बडीशेप घातलेला गोड पिवळा भात वाटला जाई. कोणी जात विचारत नसे, भाषाही नाही. ढोलाच्या तालावर काठ्या घेऊन माणसे गोल फिरत नाचत. त्या नाचाला ‘छेज’ आणि त्या भाताला ‘ताहिरी’ म्हणतात, हे मला चाळिशीनंतर कळले.

हा सण सिंधमधून गाठोड्यात बांधून जसाच्या तसा इकडे आला, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. वाचत गेलो, जुन्या माणसांशी बोलत गेलो, तसे लक्षात आले की हे अर्धेच खरे आहे. देव तिकडचा, गाणी तिकडची, पदार्थ तिकडचे. पण ‘अवघ्या सिंधी समाजाचा सण’ म्हणून चेटीचंड उभा राहिला तो निर्वासितांच्या छावण्यांत.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिंध आपल्याला वाटतो तितका परका मुलूख नव्हे. इंग्रजांनी १८४३ मध्ये तो जिंकला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला, तोवर जवळजवळ ९० वर्षे कराची आणि रत्नागिरी एकाच इलाख्यात होते. १९४१ च्या जनगणनेनुसार सिंधची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती. त्यात हिंदू साधारण चौथा हिस्सा.

या हिंदूंमध्ये बरेचजण नानकपंथी होते. त्यांच्या टिकाण्यांत, म्हणजे देवस्थानांत, गुरू ग्रंथसाहिबाचे पठण चाले. उडेरोलाल किंवा झुलेलाल ही सिंधू नदीची देवता; तिची उपासना मुख्यतः दर्यापंथी मंडळींची. कथा अशी की ठट्ट्याच्या मिर्खशाह राजाने हिंदूंवर धर्मांतराची सक्ती केली, लोक सिंधूच्या काठी जाऊन विनवणी करू लागले आणि नसरपूरला एक बालक जन्मले. पुढे त्याच्यासमोर राजा नमला. पल्ला माशावर, कमळात बसलेला पांढऱ्या दाढीचा हा देव आता सिंधी दुकानांतून दिसतो. पल्ला म्हणजे आपल्याकडचा पाला, समुद्रातून नदीत चढून येणारा मासा.

सिंधमधल्या उडेरोलाल गावी त्याचे जुने स्थान आहे. तिथे हिंदू त्याला उडेरोलाल म्हणून पूजतात आणि मुसलमान शेख ताहिर म्हणून. मंदिर आणि कबर एकाच आवारात आहेत. फाळणीच्या वेळी या देवाचे एकच रूप जहाजात चढले, दुसरे तिथेच राहिले.

६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर मुंबईकडे येणाऱ्या जहाजांची गर्दी वाढली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ ओस पडला होता. त्याच्या बराकींत सुमारे लाखभर माणसे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. तिथले पत्ते आजही ‘कॅम्प नंबर १’ पासून ‘५’ पर्यंतच्या आकड्यांनी सांगतात. बराकीत पडद्यापलीकडे कोण असेल याचा नेम नसे. शिकारपूरचा सावकार, हैदराबादचा आमिल, लाडकाण्याचा दुकानदार. तिकडे हे एकमेकांपासून अंतर राखून असत. इकडे स्थानिकांच्या लेखी सगळे एकच झाले: ‘निर्वासित’.

आतून एक होण्यासाठी मात्र आतलेच काही हवे होते. ते शोधण्याचे मोठे श्रेय प्रा. राम पंजवानी यांना दिले जाते. ते लेखक होते, त्यांना १९६४ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. पण लोकांत ते ओळखले जात गायक म्हणून. मातीचा माठ वाजवत ते गात. चेटीचंड हा साऱ्या सिंधींचा दिवस व्हावा यासाठी फाळणीनंतर त्यांनी गाण्यांतून आणि मेळाव्यांतून लोकांना गोळा केले. निवड अचूक होती, असे मला वाटते. नदीकाठी गाऱ्हाणे घालणाऱ्या छळलेल्या लोकांची ती कथा बराकीत बसलेल्या माणसाला नव्याने समजावून सांगावी लागत नव्हती.

शिवाय हा सण जमिनीवाचून साजरा होऊ शकत होता. त्याचे साहित्य पाहा. थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे. सोबत पाण्याचा कलश आणि नारळ. याला ‘बहराणा’ म्हणतात. तो वाजतगाजत नेऊन वाहत्या पाण्यात सोडायचा. कणीक रेशनवर मिळत होती. वाद्य कुंभाराकडे मिळत होते. सिंधू तेवढी मिळत नव्हती. मग उल्हास नदी सिंधू झाली, मुंबईत समुद्र सिंधू झाला, जिथे तेही नव्हते तिथे तलाव.

खाण्याचेही तसेच. कोकी ही कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी मुळात प्रवासाची शिदोरी, दोन दिवस टिकणारी. दाल-पकवान आणि पापड बायकांनी बराकीत केले. पापड-लोणची घेऊन मुले लोकलमधून विकत फिरली. म्हणजे जे सणाला वाटले जाई त्याच स्वयंपाकघराने घर चालवले. चेटीचंडाला फुकट वाढलेल्या भाताकडे मी आता या अंगाने पाहतो. काल रेशनच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आज रस्त्यावर मांडव घालून दुसऱ्याला वाढत होता. त्यात धर्म होताच, आणि ‘आम्ही मागणारे नाही’ हे सांगणेही होते.

१ मे १९६० रोजी आपल्याला भाषेचे राज्य मिळाले. सिंधींना ते मिळणे शक्यच नव्हते. १० एप्रिल १९६७ रोजी त्यांच्या भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. त्या वर्षीही चैत्र नुकताच लागत होता. पण भाषा परिशिष्टात राहते तशी घरात राहतेच असे नाही. ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी की देवनागरी, हा वाद दोन पिढ्या चालला. तोवर मुले इंग्रजी शाळांत गेली. आज मिरवणुकीतली मुले गाणी तोंडपाठ म्हणतात आणि अर्थ विचारला की आजीकडे पाहतात. सणाने समाज जोडला, भाषा मात्र त्याच्या एकट्याच्या बळावर टिकत नाही. परदेशातल्या आपल्या मंडळांच्या पाडव्याला लेझीम आणि पुरणपोळी असते, आणि मुले आपसांत इंग्रजीत बोलत असतात. तेव्हा हा प्रश्न फक्त वालधुनीपलीकडचा नाही.

शेजारी म्हणून आपला हिशेबही मांडायला हवा. आपण त्यांच्या मांडवात जेवलो, त्यांच्या मालावर विनोद केले, पण त्यांना काय म्हणायचे आहे ते क्वचितच विचारले. मीही नाही. गेल्या चेटीचंडाला पहिल्यांदा मिरवणुकीच्या शेवटापर्यंत, पाण्यापर्यंत गेलो. दिवा सोडण्याआधी एक म्हातारी पदर दोन्ही हातांत धरून पुटपुटत होती. या प्रार्थनेला काय म्हणतात, असे मी विचारले. ‘पल्लव,’ ती म्हणाली, आणि मला समजावे म्हणून तिने पदर पुढे करून दाखवला. आमच्याकडेही पदर पसरूनच मागतात, असे मी तिला सांगितले. तिने मान हलवली आणि हातातली थोडी खडीसाखर माझ्या हातावर ठेवली.