मुंबईची खरेदी : कोटापासून गिरणगांवापर्यंत

मुंबईस निघालेल्या माणसाच्या हातीं घरच्या मंडळींनीं वस्तूंची याद द्यावी, हा महाराष्ट्रांतील जुना परिपाठ आहे. लग्नाचीं लुगडीं, तांब्याचा बंब, सोन्याच्या पाटल्या, मुलांचीं खेळणीं, केशर, कापूर. मुंबईंत काय मिळत नाहीं, असा त्या यादीमागें दृढ विश्वास असे. परंतु काय मिळतें यापेक्षां कोठें मिळतें आणि तेथेंच कां मिळतें, हा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. मुंबईचे बाजार आपोआप वाढलेले नाहींत. एकेक बाजार आपापल्या जागीं बसला, त्याला आग, युद्ध, आगगाडी, रोगराई आणि राजकारण हीं कारणें घडलीं.

१६६८ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें मुंबई बेट वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. पुढल्याच वर्षीं गव्हर्नरपदावर आलेल्या जेरल्ड आंजिअरनें निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या व्यापाऱ्यांना येथें येऊन राहण्यास उत्तेजन दिलें. व्यापाराची मुख्य वस्ती तेव्हां कोटाच्या आंत एकवटली. घरें दाटीचीं, रस्ते अरुंद. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं तेथें भयंकर आग लागली आणि कोटाचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांनीं कोटाबाहेर वस्ती करावी यावर सरकारचा भर राहिला. कोट आणि ही नवी वस्ती यांच्यामध्यें तोफांच्या माऱ्यासाठीं मोकळें राखलेलें मैदान होतें. अशा रीतीनें मुंबईचीं दोन शहरें झालीं : एक कोट, दुसरें बाहेरकोट. मुंबईची खरेदी समजून घ्यावयाची तर ही दुही प्रथम ध्यानांत धरली पाहिजे.

बाहेरकोटांतील पेठांचीं नांवें म्हणजे त्यांचा संक्षिप्त इतिहासच होय. मुंबादेवीचें मूळ देऊळ बोरीबंदराच्या बाजूस होतें. अठराव्या शतकांत तें हलवून आजच्या जागीं आणलें गेलें आणि त्याच्या शेजारीं झवेरी बाजाराची सोन्याचांदीची पेठ भरभराटीस आली. भरतीचें पाणी ओलांडून आलेले लोक जेथें पाय धूत, ती पायधुणी. जेथें तांबें तोललें जाई, तो तांबाकांटा. धंदे बदलले तरी नांवें टिकलीं. लोहारचाळींत आज लोहाराचा भाता दिसावयाचा नाहीं. तेथें विजेचे दिवे आणि उपकरणें विकलीं जातात.

एकाच मालाचीं दुकानें एकाच गल्लींत कां, याचें नवख्या माणसास नवल वाटतें. परंतु त्यांत मोठा व्यवहार आहे. गिऱ्हाइकाला दहा पावलांत दहा भाव कळतात. एका दुकानांत नसलेला माल नोकर शेजारून आणून देतो. आणि ज्यानें खोट्या मापानें माल दिला, त्याचें नांव गल्लीभर व्हावयास वेळ लागत नाहीं. पेठ ही अशा प्रकारें व्यापाऱ्याची सोय असते, तशीच गिऱ्हाइकाची राखणही असते.

१८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी धावली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडील कापूस बंद होतांच मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. १८६५ सालीं तो ओसरला व अनेक पेढ्या बुडाल्या. पण शहराचें रूप पालटूनच. कोटाच्या भिंती याच सुमारास सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत पाडल्या गेल्या. १८६९ सालीं नवी मंडई उभी राहिली, तीही नेमकी कोट आणि बाहेरकोट यांच्या सांध्यावर. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचें नांव तिला मिळालें. आराखडा विल्यम एमर्सन यांचा; प्रवेशद्वारावरील शिल्पें जॉन लॉकवुड किपलिंग यांचीं. १८८२ सालीं तेथें विजेचे दिवे लागले. महात्मा जोतिबा फुले मंडई हें तिचें आजचें नांव. या मंडईच्या समोरच सरदारगृह आहे. तेथेंच १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांनीं देह ठेवला.

मंडईपासून दक्षिणेस हॉर्नबी रोड लागे. आजचा दादाभाई नवरोजी रस्ता तो हाच. तेथें व्हाइटअवे लेडलॉ, आणि काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, अशीं विलायती भांडारें थाटलीं होतीं. कांचेच्या खिडक्या, ठराविक किंमत, घासाघिसीला मज्जाव. बाहेरकोटांत गिऱ्हाईक बैठकीवर बसून भाव ठरवी. येथें उभें राहून पैसे मोजी. दुकानाची निवड ही केवळ सोयीची बाब न राहतां प्रतिष्ठेची खूण बनली.

या प्रतिष्ठेलाच पुढें आव्हान मिळालें. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीचें व्रत महाराष्ट्रांत पसरलें आणि देशी मालाचीं भांडारें निघालीं. ३१ जुलै १९२१ रोजीं परळ येथें महात्मा गांधींच्या हस्तें विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या परिसरांत विदेशी कापड भरलेल्या मोटारलॉरीपुढें बाबू गेनू हा तरुण गिरणी कामगार आडवा झाला आणि तिच्याखालीं चिरडून मरण पावला. ज्या बाजारांत लोक लग्नाचा बस्ता बांधावयास येत, त्याच बाजाराच्या रस्त्यावर एका मजुरानें विदेशी कापडापायीं प्राण दिले. कापडाचा तुकडा कोणाच्या घरीं चूल पेटवितो, हा प्रश्न त्यानंतर कोणालाही टाळतां येण्याजोगा राहिला नाहीं. पुढें १९४६ पासून हॉर्नबी रोडवरील व्हाइटअवे लेडलॉच्या त्याच इमारतींत खादीची विक्री सुरू झाली.

इतक्यांत शहर उत्तरेस सरकलेंच होतें. १८९६ सालीं प्लेग आला. दाट वस्ती मोकळी करण्यासाठीं १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. गिरगांवांतील मराठी मध्यमवर्ग हळूहळू दादरला गेला आणि त्याच्या पाठोपाठ त्याची खरेदीही. आज दादरच्या रानडे रोडवर सणासुदीला जी गर्दी उसळते, तिचें मूळ या स्थलांतरांत आहे.

शेवटचा फेरा सर्वांत विलक्षण. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढें परळ-लालबागचें गिरणगांव वसलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं तेथें सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज भव्य मॉल उभा आहे. जेथें कापड विणलें जाई तेथें तें आतां केवळ विकलें जातें, आणि विणणाऱ्यांच्या नातवंडांपैकीं कित्येकांना त्याची किंमत परवडत नाहीं.

मुंबईस येणाऱ्या पाहुण्यास दोनच दिवस असतील, तर त्यानें पहिला दिवस फुले मंडईपासून आरंभावा. मंगलदास आणि मुळजी जेठा या कापडबाजारांतून झवेरी बाजार, तेथून भुलेश्वर, असा पायींच फेरफटका करावा. तेथें भावाची बोलणी आजही चालतात. दुसरा दिवस दादर आणि परळ यांना द्यावा. यादींतील बहुतेक वस्तु पहिल्याच दिवशीं मिळतील. परंतु दुसरा दिवस टाळूं नये. पहिल्या दिवशीं घेतलेल्या कापडाची अर्धी हकीकत तेथें आहे.