हिपॅटायटिस बी आहे? लिव्हरसोबत किडनीचीही तपासणी करून घ्या

हिपॅटायटिस बी म्हटलं की कावीळ आणि लिव्हर एवढंच आठवतं. पण हा विषाणू सहा महिन्यांहून जास्त काळ रक्तात राहिला, म्हणजे आजार जुनाट झाला, तर किडनीलाही धोका असतो. सुरुवातीला काहीच दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2.98 कोटी लोकांना हा आजार होता. काटेवाडी, बारामती, इंदापूर भागात ज्यांचा एचबीएसएजी रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, त्यांनी पुढील माहिती लक्षात ठेवावी.

किडनी का बिघडते?
विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारे घटक किडनीच्या गाळणीत अडकतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. दुसरं कारण औषध. टेनोफोविर (टीडीएफ) ही गोळी परिणामकारक आहे, पण काही रुग्णांमध्ये ती किडनीच्या बारीक नळ्यांना इजा करते. वय साठीच्या पुढे, शुगर, बीपी किंवा पेनकिलरची सवय असेल तर धोका वाढतो.

‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नका
किडनीचं जवळपास निम्मं काम कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. शिवाय तोच आकडा सर्वांसाठी सारखा नसतो. क्रिएटिनिन 1.2 असेल तर 25 वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर साधारण 86 येतो, तर 65 वर्षांच्या महिलेचा साधारण 50. म्हणून डॉक्टरांना ईजीएफआर किती आहे, हे विचारा.

कोणत्या तपासण्या?
- ईजीएफआर : 60 पेक्षा कमी आणि तीन महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात.
- लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण : 30 च्या वर असेल तर पुन्हा तपासावं. ताप किंवा लघवीच्या इन्फेक्शनमध्येही ते वाढतं.
- साधी लघवी तपासणी : रक्तातली शुगर नॉर्मल असून लघवीत शुगर दिसली, तर नळ्यांना इजा झाल्याची शंका घेतात. शुगरची काही औषधं घेणाऱ्यांना हा नियम लागू नाही.
- रक्तातील फॉस्फरस : टेनोफोविर घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचा.

उपचार सुरू करण्याआधी, पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी या तपासण्या करतात. लघवीला फेस येणं, पायावर सूज, हाडं दुखणं ही लक्षणं असतील तर वाट पाहू नका.

गोळी स्वतःहून बंद करू नका
रिपोर्ट बिघडला म्हणून गोळी अचानक सोडली तर विषाणू उसळतो आणि लिव्हर निकामी होऊ शकतं. डॉक्टर डोस बदलतात किंवा एन्टेकाविर, टीएएफ यांसारखं दुसरं औषध देतात. डॉक्टरांना न विचारता पेनकिलर किंवा जडीबुटी घेऊ नका.

रमजानचे रोजे
ईजीएफआर कमी असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. दिवसभर पाणी न प्यायल्याने किडनीवर ताण येऊ शकतो. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे.

कुठे जावं?
28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जवळच्या केंद्राची माहिती बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयात विचारावी. जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा. एका आकड्यापेक्षा तो वर्षभरात कसा बदलला, यावरूनच बिघाड लवकर कळतो.