बाबांचा संदीप

गेल्या शनिवारी पंढरपूरला घरी गेलो होतो. तिसऱ्यांदा नोकरी बदलतोय हे बाबांना सांगायचं होतं. बाबांनी एकाच बँकेत, जवळजवळ एकाच खुर्चीत तीस वर्षं काढलेली. त्यामुळे धीर येईपर्यंत चंद्रभागेच्या वाळवंटात पोरांचं क्रिकेट बघत बसलो. तिथे एक झिपऱ्या पोरगा प्रत्येक बॉल नदीत मारायला बघत होता. म्हटलं, हा तर बाबांचा संदीप पाटील!

जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला लेन पास्कोचा बाउन्सर कानाजवळ लागला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, गडी कोसळला. आणि त्याच महिन्यात ॲडलेडला १७४! १९८२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला बॉब विलिसच्या एका ओव्हरमध्ये (एक नो बॉल धरून) सहा चौकार. ८३ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला पुन्हा इंग्लंडच, नाबाद ५१.

मग १९८४ ची दिल्ली टेस्ट. बेजबाबदार फटका मारला म्हणून त्याला आणि कपिलला वगळलं. कपिल परत आला, हा परत टेस्ट खेळलाच नाही. २९ टेस्ट, चार शतकं, खेळ खलास. वय २८! आमच्याकडे या वयात लोक ऑनसाइटची वाट बघत असतात.

पुढे हा सिनेमात हिरो झाला ('कभी अजनबी थे', १९८५, व्हिलन चक्क किरमाणी!). 'एकच षटकार'चा संपादक झाला. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचा कोच होता. गांगुली आणि द्रविड लॉर्ड्सला पहिली टेस्ट खेळले, तो हाच दौरा. पण तीही नोकरी काही महिन्यांचीच.

आणि मग केनिया. २००३ च्या वर्ल्डकपला न्यूझीलंड नैरोबीला गेलंच नाही, ते पॉइंट्स फुकट मिळाले, हे खरं. पण श्रीलंकेला ५३ रन्सनी हरवलं ते काही फुकट नव्हतं. कॉलिन्स ओबुयाने पाच काढल्या. नंतर बांगलादेश, झिंबाब्वे, आणि थेट सेमीफायनल! टेस्ट दर्जा नसलेला देश तिथवर पहिल्यांदाच पोचला होता, आणि समोर कोण, तर भारत.

२० मार्च २००३. त्याच दिवशी इराकवर हल्ला सुरू झालेला, त्यामुळे काका सारखे बातम्या लावायचे आणि बाबा रिमोट हिसकावून घ्यायचे. गांगुलीचं शतक झालं, आपल्या २७०. केनियाच्या विकेटी पडायला लागल्या तशी गल्ली नाचायला लागली. बाबा मात्र गप्प.

आई म्हणाली, "अहो, तुम्ही नक्की कोणाकडून?"

"भारताकडूनच गं. पण संदीपचं पोरगं परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय."

केनिया १७९. आपण ९१ रन्सनी जिंकलो.

असो. पुढे २०१२ ते २०१६ तो निवड समितीचा अध्यक्षही होता, म्हणजे वगळला गेलेला माणूस आता इतरांना वगळणार! रात्री जेवताना बाबांना हे सगळं पुन्हा ऐकवलं आणि मग हळूच नोकरीचं काढलं.

बाबा म्हणाले, "तू कुठे विलिसला सहा चौकार मारलेत?"

पण वाढायला आईच्या आधी तेच उठले.