एक वडी, दोन खंड : दिसण्यातलं साम्य म्हणजे पुरावा नव्हे

मेक्सिको सिटीच्या दक्षिण टोकाला सोचिमिल्को नावाचा भाग आहे. तिथल्या तुल्येवाल्को गावात 'अलेग्रिया' नावाची एक वडी करतात. बारीक पांढऱ्या दाण्यांच्या लाह्या, त्यात मध किंवा उसाच्या गुळाचा पाक, वरून शेंगदाणे, बेदाणे नाहीतर भोपळ्याच्या बिया. साच्यात दाबायची, गार झाली की कापायची. अलेग्रिया म्हणजे आनंद. या वडीचा फोटो तुमच्या आजीला दाखवा. ती लगेच म्हणेल, "अगं, ही तर राजगिऱ्याची वडी!"

आजीचं बरोबर आहे. दाणा एकाच वनस्पतीचा आहे. शास्त्रीय नाव अमरँथस हायपोकॉन्ड्रियाकस. आणि तरीही, संशोधनाच्या दृष्टीने इथूनच अवघड काम सुरू होतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी दोन खंडांत सापडल्या, तर त्यातून नेमकं काय सिद्ध होतं?

पीएचडीच्या मुलाखतीत किंवा संशोधन आराखड्यात बरेच विद्यार्थी याच जागी अडकतात. साम्य दिसलं की आपण लगेच 'प्रभाव' हा शब्द लिहून मोकळे होतो. म्हणून आज आपण ही एक वडी घेऊ आणि तिच्यावर इतिहासाची पद्धत चालवून बघू.

आधी तुकडे करा

साम्याची साधारण तीन स्पष्टीकरणं असू शकतात. एक, वस्तू इथून तिथे गेली किंवा तिथून इथे आली. दोन, दोन्हीकडे लोकांनी ती स्वतंत्रपणे शोधली. तीन, काही भाग प्रवास करून आला आणि काही भाग जागच्या जागी होता. तिसरी शक्यता बहुतेक वेळा विसरली जाते, कारण आपण अख्ख्या पदार्थाबद्दल एकच प्रश्न विचारतो. तसं करू नका. पदार्थाचे घटक वेगळे करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र विचारा, तू कुठून आलास?

आपल्या वडीचे घटक तीन : दाणा, गोडवा आणि कृती.

दाणा

राजगिऱ्याचे रानटी नातेवाईक आणि सर्वांत जुनी लागवड, दोन्ही अमेरिका खंडात सापडतात. मेक्सिकोच्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहांमधून उत्खननात या कुळातले अतिशय जुने दाणे मिळाले आहेत. १९५० साली जोनाथन सॉअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने धान्यासाठी लावल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या जातींचा सविस्तर आढावा घेतला आणि त्यांचं मूळ अमेरिकेत असल्याचं मांडलं. पुढे जनुकीय अभ्यासांनीही त्याच दिशेला बोट दाखवलं.

अ‍ॅझ्टेक लोक या दाण्याला 'वाउत्ली' म्हणत. स्पॅनिश विजयानंतर, १५४० च्या दशकात तयार झालेल्या 'कोडेक्स मेंदोसा' या चित्रपोथीत प्रांतोप्रांतीच्या खंडणीच्या याद्या आहेत. मका आणि घेवड्याबरोबर त्यात वाउत्लीही आहे. म्हणजे हे फक्त गरिबांचं रानधान्य नव्हतं, राज्याच्या कोठारात जाणारं पीक होतं.

दुसरा साक्षीदार बर्नार्दिनो दे सहागून हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू. त्याने स्थानिक लोकांकडून माहिती घेऊन जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात वाउत्लीच्या पिठाच्या देवमूर्तींचं वर्णन आहे. या पिठात मॅगे म्हणजे घायपाताच्या जातीच्या झाडाचा गोड रस मिसळत आणि त्या मळलेल्या गोळ्याला 'त्सोआल्ली' म्हणत. वित्सिलोपोच्त्ली देवाची मूर्ती त्यातून घडवायची, पूजा करायची, मग तुकडे करून सगळ्यांनी खायचे. कॅथलिक पाद्र्यांना यात आपल्याच प्रसादविधीचं विडंबन दिसलं आणि त्यांनी अशा विधींवर घाव घातला. पीक पुरतं नष्ट झालं नाही, पण त्याचं मानाचं स्थान गेलं.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सहागूनचा ग्रंथ हा आपला मोठा आधार, पण तो लिहिणारा त्याच धर्मव्यवस्थेतला, जी हे विधी मोडत होती. साक्षीदार कोण आहे, हे साक्षीइतकंच महत्त्वाचं.

गोडवा

आता उलटा प्रवास बघा. कोलंबसाच्या आधी अमेरिकेत ऊस नव्हता. तिथला गोडवा म्हणजे मध आणि मॅगेचा रस. उसाच्या रसापासून टिकाऊ गूळ आणि खडीसाखर करण्याची विद्या मात्र भारतात फार जुनी. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची यादीच येते. काकवीपासून दाणेदार साखरेपर्यंतच्या या पायऱ्या आहेत. ही विद्या इराण आणि अरब प्रदेशांतून भूमध्य समुद्राकडे गेली. शब्दांनीही तोच रस्ता धरला : शर्करा, फारसीत शकर, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये असुकार.

१४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. सोळाव्या शतकातच कोर्तेसने मेक्सिकोत उसाचे घाणे उभे केले. आज अलेग्रियात पडतो तो 'पिलोन्सियो', म्हणजे शंकूच्या आकाराची गुळाची ढेपच. कोल्हापूरच्या माणसाला तो हातात दिला तर ओळख करून द्यावी लागणार नाही.

म्हणजे बघा, आपल्या वडीतला दाणा तिकडचा आणि तिकडच्या वडीतल्या गुळामागची विद्या इकडची. 'कोणी कोणाचं घेतलं?' हा प्रश्न इथेच मोडून पडतो.

कृती

राहिली कृती. इथे कागदपत्रं कमी आणि स्वयंपाकघर जास्त उपयोगी पडतं. म्हणून ही वडी स्वतः करून बघा. खाद्यसंस्कृतीवर काम करणार असाल तर हे फील्डवर्कच समजा.

जाड बुडाची कढई कोरडीच कडक तापवा. एका वेळी एकच चमचा राजगिरा टाका आणि स्वच्छ सुती फडक्याच्या पुरचुंडीने भराभर फिरवा. काही सेकंदांत दाणे पांढरे होऊन उडू लागतील. लगेच काढा, नाहीतर करपतील. सगळा झाला की चाळून न फुललेले दाणे वेगळे करा. १०० ग्रॅम लाह्यांना १०० ग्रॅम गूळ घेतला तर वडी बेताची गोड होते. चमचाभर तुपात गूळ वितळवा, मंद आचेवर पाक करा. थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक झाला आणि दातांखाली कडकन मोडला की पाक झाला. चिकटला तर अजून थांबा. आच बंद करून लाह्या घाला, पटकन हलवा, तूप लावलेल्या ताटात थापा आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारा.

आता यातलं ज्ञान कुठे आहे ते शोधा. दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते, कवच फुटतं आणि पिष्ट फुगून बाहेर येतं. कढई कमी तापली तर वाफ हळूहळू निसटते आणि दाणा नुसता भाजला जातो. पाकातही तसंच. पाणी पुरेसं उडालं तरच गूळ काचेसारखा घट्ट होतो, राहिलं तर वडी लिबलिबीत. तीळ मात्र असे फुलत नाहीत, कारण त्यांच्यात पिष्ट नगण्य आणि तेल भरपूर. म्हणून तिळाच्या वडीत तीळ नुसते खमंग भाजतात.

महत्त्वाचं हे की यातली एकही क्रिया आपल्याकडे राजगिऱ्याबरोबर आली असं मानायची गरज नाही. लग्नातला लाजाहोम आठवा. तिथे भाताच्या लाह्या लागतात आणि हा विधी गृह्यसूत्रांइतका जुना आहे. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात. तीळ तर हडप्पाच्या उत्खननात जळालेल्या अवस्थेत सापडले, १९४० च्या अहवालात माधोसरूप वत्स यांनी त्यांची नोंद केली. लाही फोडणं, तीळ भाजणं, गुळाचा पाक करणं, हे सगळं घरात होतंच. नवा दाणा आला आणि जुन्या कढईत पडला. तिकडेही तसंच : मातीच्या तव्यावर वाउत्ली भाजून गोड रसात मळायची रीत ऊस येण्याआधीची. दोन्हीकडच्या कृती आपापल्या, साहित्याची मात्र अदलाबदल झाली.

दोन सापळे

पहिला सापळा नावाचा. चरकसंहितेत 'तण्डुलीयक' ही पालेभाजी येते. ती राजगिऱ्याच्याच कुळातली. मग काही जण सरळ लिहितात की राजगिरा चरकाच्या काळापासून भारतात आहे. पण माठ, तांदुळजा या पालेभाज्या वेगळ्या आणि धान्याचा राजगिरा वेगळा. कूळ एक म्हणजे वनस्पती एक नव्हे. जुन्या ग्रंथात शब्द सापडला की आधी विचारा, त्या काळी हा शब्द नेमक्या कोणत्या वस्तूला लावत होते? धान्याच्या राजगिऱ्याचा स्पष्ट वनस्पतिशास्त्रीय उल्लेख हवा असेल तर रॉक्सबर्गच्या १८३२ च्या 'फ्लोरा इंडिका'कडे जावं लागतं. तिथे त्याच्या नावातच 'धान्य देणारा' असा अर्थ आहे.

दुसरा सापळा दिसण्याचा. १९८९ साली कार्ल जोहानेसन आणि अ‍ॅन पार्कर यांनी दावा केला की कर्नाटकातल्या सोमनाथपूरसारख्या होयसळ मंदिरांतल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, म्हणजे कोलंबसाच्या आधीच मका भारतात पोचला होता. १९९३ साली पायक आणि सचान या मक्याच्याच अभ्यासकांनी तो खोडून काढला. दगडातली आकृती कणसासारखी दिसते एवढ्याने भागत नाही. त्या काळातले दाणे, परागकण, शेतीच्या नोंदी यांची साथ लागते.

आणि उपवास?

आता खरा टोचणारा प्रश्न. मेक्सिकोत जो दाणा देवाच्या विधीशी जोडला म्हणून मागे ढकलला गेला, तोच आपल्याकडे एकादशीच्या ताटात मानाने बसला. कसा?

धर्मशास्त्रात नांगरलेल्या जमिनीतलं अन्न वानप्रस्थाला वर्ज्य सांगितलं आहे. न नांगरता उगवणाऱ्या वस्तू चालतात. पुढच्या उपवासाच्या रीतीतही गहू, तांदूळ, ज्वारी यांसारखं नेहमीचं धान्य टाळण्यावर भर राहिला. बाहेरून आलेली वस्तू या 'वर्ज्य' यादीत नव्हतीच. आता उपवासाचं ताट डोळ्यांसमोर आणा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, कसाव्याच्या कंदापासून केलेला साबुदाणा, राजगिरा. सगळे मूळचे अमेरिकेचे. वरई तेवढी जुन्या जगातली. यावरून माझं गृहीतक असं : नियम जुना राहिला आणि नव्या वस्तू त्या नियमाच्या फटीतून आत आल्या. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ते तपासायचं तर व्रतांच्या पोथ्या, देवस्थानांचे खर्चाचे कागद आणि पाककृतींची पुस्तकं कालक्रमाने लावून बघावी लागतील. सतराव्या शतकातला रघुनाथ पंडितांचा 'भोजनकुतूहल', १८७५ चं 'सूपशास्त्र' आणि मोल्सवर्थचा शब्दकोश, ही सुरुवात करायला चांगली ठिकाणं.

यात कोणाच्या श्रद्धेचा अपमान नाही. 'हजारो वर्षांची परंपरा' हे वाक्य खोटं ठरलं तरी परंपरा खोटी ठरत नाही. उलट, अनोळखी दाण्याला तीन-चार शतकांच्या आत इतकं आपलंसं करणं हीच अभ्यासण्यासारखी गोष्ट आहे. ते बहुतांशी बायकांनी केलं, चुलीपुढे, आणि त्यांची नावं कुठल्याही ग्रंथात नाहीत. म्हणून तर कढईतली कृती आपल्याला कागदाइतकीच गंभीरपणे वाचावी लागते.

आता तुमच्यासाठी काम. घरातला कोणताही एक पदार्थ निवडा. वहीत तीन रकाने आखा : साहित्य, गोडवा किंवा मसाला, कृती. प्रत्येकापुढे लिहा की हे कुठून आलं, कधी आलं, आणि हे मला कशावरून कळलं. तिसऱ्या प्रश्नापुढे जिथे जागा रिकामी राहील, तिथे वर्तुळ करा. गाइडला भेटायला जाताना ती वही घेऊन जा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा त्या वर्तुळातच असेल.