हजेरी

स्वतंत्रपूर बघून आलो आणि आटपाडीच्या स्टँडवर चहा घेत उभा होतो. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. नकाशाच्या अ‍ॅपनं विचारलं होतं, हे ठिकाण कसं वाटलं, रेटिंग द्या. ठिकाण म्हणजे तुरुंग! घरी आईला मी 'आटपाडीला जाऊन येतो' एवढंच सांगितलं होतं. फोनला मी कुठे उभा होतो ते बरोबर ठाऊक होतं.

स्वतंत्रपूरची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्यावरचा सिनेमा आईवडिलांनी नक्की पाहिलेला असतो. 'दो आँखें बारह हाथ', १९५७. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, लेखन गदिमांचं. गदिमा याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मले, शिकायला औंधला राहिले. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर यांनी १९३९ मध्ये इथल्या माळावर एक प्रयोग सुरू केला. फ्रिडमन बंगळूरला विजेच्या सामानाचा कारखाना चालवायचा. ते सोडून तो गांधींच्या नादी लागला आणि औंधला आला. जन्मठेपेच्या कैद्यांना उंच भिंतीबाहेर ठेवायचं, शेती करू द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं, अशी ती कल्पना. भिंतीच्या जागी कैद्याचा शब्द.

सिनेमाला बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं. वसाहत आजही आहे. रस्त्यावरून बघितलं तर एखादी वस्तीच वाटते.

मला इतिहासातली खरी गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असू दे) वेगळीच वाटते. ज्या काळात आटपाडीच्या माळावर खुनाची शिक्षा झालेली माणसं कुंपणाशिवाय राहत होती, त्याच काळात इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, सोलापुरात, काहीही गुन्हा न केलेली माणसं तारेच्या कुंपणात होती. त्या जागेला लोक सेटलमेंट म्हणत. आतली माणसं पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येईल असा झाला. जमात एकदा यादीत चढली की मूल जन्मतःच संशयित.

त्या कायद्याचं मुख्य हत्यार बेडी नव्हतं. हत्यार होतं ठावठिकाणा. बोटांचे ठसे द्यायचे. राहतो कुठे ते कळवायचं, घर बदलणार असाल तर आधी कळवायचं, गावाबाहेर जायचं असेल तर तेही. ठरलेल्या वेळी जाऊन हजेरी द्यायची. हजेरी चुकली की तोच गुन्हा. मग मयतीला जायचं असो की मुलगी बघायला, आधी परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. विमुक्त दिन म्हणतात तो हाच.

कायदा गेला, पण पाळत ठेवायची सवय गेली नाही. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी जाऊन बघणं कोर्टानं रद्द केलं. मात्र माणूस कुठे जातो-येतो याची नोंद ठेवायला हरकत घेतली नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. पाळतीखालचं फिरणं हे मोकळं फिरणं नव्हेच, असा त्याचा आशय. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे ठरायला २०१७ उजाडावं लागलं. आणि ८ जुलै २०२४ ला गोष्ट थेट तुमच्या-माझ्या फोनपर्यंत आली. दिल्लीतल्या एका खटल्यात जामिनावर सुटलेल्या आरोपीनं गूगल मॅप्सवर पिन टाकून आपला ठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं, अशी अट होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे आरोपीला मोकळीक मिळाली. आता माझ्या चुलतभावाचं ऐका.

तो आटपाडीत एका फायनान्स कंपनीचे हप्ते गोळा करतो. गावोगाव फिरती. कंपनीनं त्याच्या स्वतःच्या फोनवर हजेरीचं अ‍ॅप टाकायला लावलंय. सकाळी ते उघडून सेल्फी काढायचा, लोकेशन जातं, हजेरी लागते. इथवर ठीक. एका रविवारी तो पंढरपूरला दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला गेला. सोमवारी साहेबानं हसत विचारलं, "काय मग, पंढरपूरला इंटरव्ह्यू कसा झाला?"

अ‍ॅपला 'नेहमी' अशी परवानगी दिलेली होती, ती रविवारीही चालूच राहिली.

इथे एक गैरसमज दूर करतो. उपग्रह तुम्हाला बघत नसतो. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते स्वतःच ठरवतो. ते बाहेर पाठवतं अ‍ॅप. फोन कुठल्या टॉवरपाशी आहे हे सिमकार्डाच्या कंपनीला कळतंच, नाहीतर फोन लागणार कसा. बटणाच्या फोनलाही ते चुकत नाही. पण अ‍ॅपचं तसं नाही. तिथे 'वापरत असतानाच' हा पर्याय असतो, नव्या फोनांत 'अचूक' ऐवजी 'अंदाजे' ठिकाण देण्याचाही. आणि नाव काढून टाकलं की झालं, असं कुणी म्हणत असेल तर २०१३ चा एक अभ्यास आठवा. पंधरा लाख फोनधारकांच्या बिननावाच्या नोंदींत, कुठे आणि केव्हा अशा फक्त चार खुणा पंचाण्णव टक्के माणसं वेगळी ओळखायला पुरल्या. आमच्या गावात दोन पुरतील, घर आणि चहाची टपरी!

ठिकाण सांगण्यात मुळात वाईट काही नाही. आमच्या भागातली निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. रात्रीच्या गाडीनं निघालेला मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवतो, त्याची आई ती निळी टिकली बघत झोपते. आठ तास झाले की ते आपोआप बंद. कुणाला, किती वेळ, हे पोरानं ठरवलेलं असतं. सेटलमेंटमधल्या माणसाला ते ठरवता येत नव्हतं.

मी भावाच्या फोनवर परवानगी 'वापरत असतानाच' अशी करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅपनं हजेरीच घेतली नाही, 'नेहमी' करा म्हणून अडून बसलं. त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता. त्यानं पुन्हा 'नेहमी' केलं. माझ्यावर चिडलाही, "तुझं काय जातंय लेख लिहायला."

आता रविवारी तो फोन घरात चार्जिंगला लावून ठेवतो आणि तसाच बाहेर पडतो. काकू दुपारी फोन लावते, तर रिंग माजघरातच वाजते.